ड्रोन जागेवर थांबत नाही, घिरट्या घालतो: कामाच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारी कंपासची अडचण

ड्रोन वर जातो, दोन-तीन मीटरवर थांबतो, सगळं ठीक वाटतं. स्टिक सोडलेल्या आहेत, वारा नाही, ॲपवर उपग्रहांचा आकडा भरपूर. मग तो हळूच एका बाजूला सरकतो, स्वतःला सावरायला जातो, भलतीकडेच जातो, आणि बघता बघता गोल फिरायला लागतो. आधी मीटरभराचं वर्तुळ, मग दोन मीटर, मग पाच. कधी पडद्यावर ‘कंपास एरर’ येतं, कधी काहीच येत नाही. उतरवून, बंद-चालू करून पुन्हा उडवला की कधी नीट उडतो, कधी तोच प्रकार. दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानात तोच ड्रोन खिळा ठोकल्यासारखा स्थिर.

छंद म्हणून उडवणाऱ्यांना हे क्वचित दिसतं, कारण ते मैदानातून उडवतात. पैसे घेऊन काम करणाऱ्यांना ते सारखं दिसतं, कारण आपली कामंच लोखंडाजवळची असतात: इमारतीची गच्ची, चालू बांधकाम, सौर पॅनेलचे सांगाडे, पूल, टॉवर, कारखान्याची पत्र्याची छपरं. त्यामुळे ‘ड्रोन बिघडलाय’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. बिघडलेली असते ती उड्डाणाची जागा. म्हणून या प्रश्नावर मिळणारा नेहमीचा सल्ला, ‘कंपास पुन्हा कॅलिब्रेट कर’ (म्हणजे नव्याने जुळवून घे), बऱ्याचदा दुखणं वाढवतो. ते कसं, ते खाली येईलच.

आधी खात्री करा की हे कंपासचंच आहे

ड्रोन जागा सोडतो त्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. नुसत्या डोळ्यांनी निम्मं निदान होतं.

गोल किंवा सर्पिल चाल असेल तर कंपासवर संशय घ्या. एकाच दिशेला संथ सरकणं, थोडं थांबणं, मग दुसरीकडे सरकणं असेल तर बहुधा जीपीएसची स्थिती हलते आहे. उंच इमारतींच्या मधोमध उपग्रहांचे संकेत काचा आणि भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, त्यामुळे पडद्यावर उपग्रहांचा आकडा चांगला असूनही जागा काही मीटरनी चुकते. वाऱ्यात ड्रोन कलतो, पण जागा धरून ठेवतो. वाऱ्याने गोल फिरत नाही. एकट्या नाकाची दिशाच हळूहळू वळत असेल आणि ड्रोन जागेवर असेल, तर पंखे, मोटर किंवा स्टिकचं कॅलिब्रेशन बघा. आणि चित्रणात क्षितिज तिरकं येतंय पण ड्रोन स्थिर आहे, तर तो गिम्बलचा (कॅमेरा सावरणाऱ्या चौकटीचा) किंवा आयएमयूचा (कल आणि वळण मोजणाऱ्या सेन्सरचा) विषय आहे, कंपासचा नाही.

आणखी एक खूण आहे, ती फार लोक बघत नाहीत. स्टिक सरळ पुढे ढकला. ड्रोन नाकाच्या रेषेत न जाता खेकड्यासारखा तिरका जात असेल तर त्याला स्वतःचं तोंड कुठे आहे हे कळत नाहीये, म्हणजे दिशेचा अंदाज चुकलाय. कॅमेऱ्याच्या चित्रातही हे दिसतं: सरळ पुढे जाणारा शॉट बाजूला घसरतो. एखाद्या वस्तूभोवती फिरणारा स्वयंचलित शॉट गोल यायच्या ऐवजी अंड्यासारखा येत असेल, तर तेही याच दुखण्याचं सौम्य रूप असू शकतं. वर्तुळ सुरू होण्याआधीचा इशारा समजा.

गोलच का फिरतो

ड्रोनला दोन गोष्टी वेगवेगळ्या मार्गांनी कळतात. मी कुठे आहे, हे जीपीएस आणि त्याच्या भावंडांकडून: ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू. माझं तोंड कुठे आहे, हे मात्र जागेवर उभं असताना जीपीएस सांगू शकत नाही. ते सांगतो कंपास, म्हणजे मॅग्नेटोमीटर, आणि मधल्या क्षणांचा हिशेब वळणं मोजणारा जायरोस्कोप ठेवतो.

आता समजा नाक खरं उत्तरेला आहे, पण ड्रोनला वाटतंय की ते ईशान्येला आहे. झुळूक आली, ड्रोन मीटरभर दक्षिणेला गेला. जीपीएसने ते बरोबर ओळखलं. परत यायचं तर उत्तरेला जायला हवं. त्याच्या समजुतीप्रमाणे उत्तर ही नाकाच्या डावीकडे ४५ अंशांवर आहे, म्हणून तो पुढे-डावीकडे कलतो. प्रत्यक्षात तो वायव्येला जातो. आता तो पश्चिमेला पडला. मग पूर्वेला जायचं म्हणून कलतो आणि जातो ईशान्येला. असं करत करत दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व अशी फेरी पूर्ण होते. दिशेची चूक उलट्या बाजूची असेल तर फेरीही उलटी. चूक थोडी असेल तर ड्रोन एखाद-दुसरी फेरी मारून स्थिरावतो. चूक मोठी असेल तर प्रत्येक सुधारणा त्याला आणखी लांब नेते. चूक ९० अंशांच्या पलीकडे गेली तर जागेवर यायचा प्रत्येक प्रयत्न त्याला जागेपासून दूरच ढकलतो, आणि लोक म्हणतात, ‘ड्रोन पळाला.’

म्हणूनच उपग्रहांचा आकडा कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो. उलट जीपीएस जितका ठाम, तितका ड्रोन चुकीच्या दिशेने ठामपणे धावतो. आरटीके (जमिनीवरच्या स्थानकाच्या मदतीने जीपीएसची जागा आणखी अचूक करणारी पद्धत) लावलं म्हणजे हा त्रास गेला, असंही काही जण समजतात. एका अँटेनाचं आरटीके जागा सेंटीमीटरपर्यंत अचूक देतं, पण उभ्या ड्रोनच्या तोंडाची दिशा देत नाही. दोन अँटेना असलेली यंत्रं, उदाहरणार्थ डीजेआयचा मॅट्रिस ३५० आरटीके, त्या दोन अँटेनांमधल्या रेषेवरून दिशा काढू शकतात. लोखंडाजवळ रोज काम असेल तर उपकरण निवडताना हा मुद्दा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आधी बघावा, असं माझं मत आहे.

खरा गुन्हेगार: पायाखालचा स्लॅब

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार क्षीण असतं, जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. त्यातला आडवा भागच दिशा ठरवायला उपयोगी पडतो आणि तो त्याहून कमी असतो. एवढ्याशा क्षेत्रावर अवलंबून असलेला सेन्सर आपण काँक्रीटच्या स्लॅबवर ठेवतो, ज्याच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटीमीटरवर सळयांची जाळी आहे. बऱ्याच ड्रोनमध्ये कंपास पायांत किंवा हातांत बसवलेला असतो, मोटरच्या तारांपासून लांब राहावा म्हणून. म्हणजे जमिनीवर उभा असताना तोच सळईच्या सगळ्यांत जवळ.

इथे जे घडतं ते नीट समजून घ्या. निम्मी प्रकरणं इथेच सुटतात.

तुम्ही स्लॅबवर ड्रोन ठेवून चालू केला. कंपासने सळईमुळे वाकलेलं क्षेत्र मोजलं आणि ड्रोनने तीच आपली सुरुवातीची दिशा मानली. क्षेत्राची एकूण ताकद मर्यादेत असेल तर इशारा येतच नाही, फक्त दिशा वाकलेली असते. मग तुम्ही उड्डाण केलं. दीड-दोन मीटर वर गेल्यावर सळईचा प्रभाव जवळजवळ संपला आणि कंपास खरं बोलायला लागला. पण जायरोस्कोप म्हणतो, ‘मी तर वळलोच नाही, मग दिशा ३० अंशांनी कशी बदलली?’ दोघांचं भांडण लागतं. काही यंत्रं कंपासवर विश्वास ठेवतात, काही जायरोवर, काही थोडा वेळ गोंधळतात. त्या थोड्या वेळातच घिरट्या सुरू होतात. म्हणून ‘जमिनीवर काहीच एरर नव्हता, वर गेल्यावर आला’ ही तक्रार इतकी ऐकू येते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सोपं आहे. पंखे काढून ड्रोन चालू करा, ॲपमधला कंपासच्या हस्तक्षेपाचा आकडा किंवा पट्टी उघडा. आता ड्रोन छातीच्या उंचीवर आडवा धरा आणि तोंड एकाच दिशेला ठेवून हळूहळू स्लॅबकडे न्या. गुडघ्यापर्यंत पट्टी शांत असते. घोट्याच्या खाली गेलात की ती उचल खाते, आणि नकाशावरचा बाण तुम्ही ड्रोन अजिबात वळवलेला नसताना वळायला लागतो. तसाच हातभर बाजूला सरकवा. सळईच्या बरोबर वर आणि दोन सळयांच्या मधे बाण वेगळा येतो. त्यामुळेच ‘काल याच गच्चीवरून उडवला, तेव्हा काही झालं नाही’ याला अर्थ नाही. काल तो एक फूट बाजूला ठेवला होता.

उपाय अंतराचा आहे. लहान लोखंडी वस्तूचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं की तो आठव्या भागावर येतो. सळयांच्या जाळीचा हिशेब इतका सरळ नसतो, पण तोही झपाट्याने ओसरतो. म्हणून ड्रोन स्लॅबवर ठेवू नका. प्लॅस्टिकचा क्रेट, लाकडी स्टूल, खिळे नसलेली लाकडी पेटी, जे मिळेल त्यावर कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे जिन्याने खाली जाऊन मातीच्या, गवताच्या किंवा साध्या डांबराच्या मोकळ्या जागेवरून उडवणं. ग्राहक ‘इथूनच उडवा ना, सोपं पडेल’ म्हणतो. त्याला सोपं पडेल, आपल्याला नाही.

आणि ते दुमडता येणारं, गोल, भगव्या-निळ्या रंगाचं लँडिंग पॅड. धूळ उडू नये म्हणून सगळेच बाळगतात. त्याची कड बोटांनी चाचपून बघा: आत स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं कडं असतं, त्यामुळेच ते फटकन उघडतं. सोबतच्या खुंट्याही बहुधा लोखंडीच. मोठ्या पॅडच्या मध्यभागी लहान ड्रोन असेल तर फरक पडत नाही, पण लहान पॅडवर मोठा ड्रोन ठेवला की पाय कडेशी येतात. रबरी किंवा जाड कापडी पॅड, ज्याच्या कडेत वाळू भरलेली असते, ते या कामाला बरं.

उरलेली ठिकाणं थोडक्यात: गटाराची लोखंडी झाकणं, गाडीचं बॉनेट (यावरून उड्डाण करणारे लोक खरोखर आहेत), पार्किंगचा मजला, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, पत्र्याची छपरं, बोटीचा डेक. मोबाईल टॉवरजवळ कंपासपेक्षा रेडिओचा त्रास जास्त. वीजवाहक तारांचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. एका सरळ तारेतून १००० अँपिअर वाहत असतील तर १० मीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला येतं, म्हणजे पृथ्वीच्या आडव्या घटकाशी स्पर्धा करणारं. प्रत्यावर्ती प्रवाहात ते सेकंदाला ५० किंवा ६० वेळा उलटसुलट होत असल्याने सरासरीत बरंच पुसलं जातं. एकदिश प्रवाहाच्या वाहिन्या आणि एकदिश प्रवाहावर चालणारे रेल्वेमार्ग यांच्याजवळ ही सूट मिळत नाही.

कॅलिब्रेशन: कधी करायचं आणि कधी अजिबात नाही

कॅलिब्रेशनमध्ये आपण ड्रोन हातात धरून दोन-तीन अक्षांवर फिरवतो, त्यामागचं कारण साधं आहे. ड्रोनच्या अंगावरचं चुंबकत्व, म्हणजे स्क्रू, मोटर, स्पीकर, ड्रोनबरोबर फिरतं. पृथ्वीचं क्षेत्र फिरत नाही. फिरवताना जे सोबत फिरलं ते ‘माझं’, जे स्थिर राहिलं ते ‘पृथ्वीचं’, अशी विभागणी यंत्र करतं आणि ‘माझं’ ते वजा करून ठेवतं.

आता हेच सळईच्या स्लॅबवर किंवा गाडीशेजारी केलं तर काय होईल? सळई ड्रोनबरोबर फिरत नाही, पण तिचं क्षेत्र जागोजागी वेगळं असतं, आणि फिरवताना ड्रोन थोडा वर-खाली, मागे-पुढे होतोच. हिशेबात ती गडबड ड्रोनच्या अंगावरची म्हणून नोंदली जाते. कॅलिब्रेशन ‘यशस्वी’ झालं असा हिरवा संदेशही येतो. त्या क्षणापासून चांगला कंपास वाईट झाला. आता मैदानातही ड्रोन घिरट्या घालेल, आणि मालक म्हणेल की सेन्सरच गेला.

म्हणून ‘कंपास एरर’ दिसला की पहिली गोष्ट: ड्रोन उचला आणि दहा-पंधरा पावलं बाजूला न्या. इशारा गेला तर दोष जागेचा. कॅलिब्रेट करू नका, तिथूनच उडवा. मोकळ्या मातीवर, सगळ्यापासून लांबही इशारा राहिला, तरच कॅलिब्रेशनचा विचार करा. डीजेआयच्या काही मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत, मागच्या उड्डाणापासून ५० किलोमीटरहून लांब गेल्यावर किंवा ३० दिवसांहून जास्त काळ ड्रोन पडून असल्यास कॅलिब्रेट करायला सांगितलं आहे. ते पाळायला हरकत नाही, फक्त ते कामाच्या जागी पोचल्यावर गच्चीवर नव्हे, वाटेत एखाद्या मोकळ्या मैदानात करा. मोटर, हात किंवा जीपीएसचा भाग बदलला असेल तरीही करा.

करताना मनगटावरचं घड्याळ, खिशातला फोन, किल्ल्या, चुंबकी बक्कल लांब ठेवा. रिमोटवर टॅबलेट चुंबकी कव्हरसकट लावलेला असतो, तो रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला दोन-चार मीटर मागे उभं करा. ड्रोन छातीच्या उंचीवर धरा.

कॅलिब्रेशननंतर तपास केल्याशिवाय विश्वास ठेवू नका. तपास असा: एखाद्या लांबच्या, नकाशावर ओळखता येणाऱ्या गोष्टीकडे नाक करा, रस्त्याची सरळ रेषा सगळ्यांत चांगली. ॲपच्या नकाशावर ड्रोनचा बाण त्याच रेषेत आहे का बघा. मग ड्रोन ९० अंशांनी वळवा, पुन्हा बघा. चारही दिशांना जुळलं पाहिजे. एका दिशेला जुळतं आणि उलट्या दिशेला २० अंशांनी चुकतं, असं असेल तर कॅलिब्रेशन वाईट झालंय.

सौर वादळांबद्दल दोन शब्द, कारण उड्डाणाआधी केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवणारा आकडा) बघायची पद्धत पडली आहे आणि घिरट्यांचं खापर त्याच्यावर फोडलं जातं. मे २०२४ मधलं वादळ ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं सर्वोच्च श्रेणीचं होतं. त्यात अमेरिकेतल्या शेतांवर जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडखळले. तो परिणाम आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, जीपीएसच्या अचूकतेवर झालेला. ध्रुवांपासून लांबच्या भागात जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र अशा वादळातही साधारणपणे एक टक्क्याच्या आसपासच हलतं, त्याने कंपास ३० अंश वाकत नाही. वादळाच्या दिवशी मॅपिंगचं काम पुढे ढकला, पण गच्चीवरच्या घिरट्यांचं कारण सूर्यात शोधू नका.

ड्रोनच्या अंगावरचं लोखंड

मैदानातही त्रास होत असेल तर मग ड्रोनकडे वळा. नुकतं काय बसवलंत? वेगळी चमकणारी लाईट, उंच पाय, दुसऱ्या कंपनीचं माऊंट, साध्या लोखंडी स्क्रूने घट्ट केलेली एखादी पट्टी. पितळ, ॲल्युमिनियम किंवा नायलॉनचा स्क्रू वापरला असता तर प्रश्नच आला नसता. ज्या लहान चुंबकाने लेन्सचा फिल्टर किंवा लाईट चिकटते, तो चुंबक कंपासपासून किती लांब आहे ते मोजा.

ड्रोन गाडीच्या डिकीत मोठ्या स्पीकरच्या शेजारी ठेवून नेत असाल तर तीही सवय सोडा. स्पीकरच्या चुंबकाने ड्रोनमधले पोलादी भाग चुंबकित होतात आणि तसेच राहतात. असं झाल्यावर मोकळ्यावर केलेलं कॅलिब्रेशन बहुधा पुरतं.

स्वतः जुळवलेल्या, आर्डूपायलट या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ड्रोनचा विषय वेगळा, आणि तिथे चुकायला वावही जास्त. बॅटरीच्या एका तारेतून ३० अँपिअर जात असतील तर ५ सेंटीमीटरवर १२० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या कित्येक पट. धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. कंपास दांडीवर उंच चढवा, तारांपासून लांब. मग ‘कंपासमॉट’ ही चाचणी चालवा: थ्रॉटल, म्हणजे मोटरला दिलेला जोर, वाढवत नेल्यावर कंपासमध्ये किती टक्के गडबड येते ते ती सांगते. ३० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६० च्या वर असेल तर कंपासची जागा बदलल्याशिवाय उडवू नका. इथलं लक्षणही वेगळं आहे: होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबलेला असताना, ड्रोन ठीक असतो, पण जोरात वर चढवला की वळतो किंवा वाहतो, कारण तेव्हाच तारांतून जास्त प्रवाह जातो.

हवेत असतानाच सुरू झालं तर

घाबरून उलट्या दिशेला पूर्ण स्टिक मारू नका. दिशाच चुकलेली असल्यामुळे ती ‘उलटी’ दिशा उलटी राहत नाही.

रिटर्न टू होम (ड्रोनला आपोआप उड्डाणाच्या जागी परत आणणारं बटण) दाबू नका. ‘घराची’, म्हणजे उड्डाणाची, जागा त्याला माहीत आहे, पण तिकडे जायला लागणारी दिशा तो याच वाकड्या कंपासवरून काढणार. घराकडे निघतो आणि भलतीकडे जातो.

आजूबाजूला भिंत, झाड, माणूस असेल तर थोडी उंची घ्या. लोखंड खाली आहे, त्यापासून लांब गेल्यावर कंपास बऱ्याचदा स्वतःच सावरतो. तुमच्या यंत्रात ॲटी मोड असेल तर तो लावा. त्यात ड्रोन जीपीएसने जागा धरत नाही, फक्त समतल राहतो आणि स्टिकचं ऐकतो. वाऱ्याबरोबर वाहील, पण गोल फिरणार नाही, आणि ड्रोनच्या शेपटीकडे बघत त्याला हाताने उतरवता येतं. लहान ग्राहकी मॉडेलांमध्ये हा मोड निवडता येत नाही. तिथे खालचा कॅमेरा कामाला येतो: चांगल्या उजेडात, नक्षी किंवा खडबडीतपणा असलेल्या जमिनीपासून काही मीटर वर ड्रोन जमिनीकडे बघून जागा धरतो. मोकळी जागा बघून तिथे खाली आणा. पाणी, काच, एकसारखी पांढरी फरशी यांच्यावर हा आधार मिळत नाही.

ॲटीमध्ये उडवायचा सराव मैदानात आधी झालेला हवा. ज्याने तो कधी केलेला नाही त्याने गर्दीजवळचं व्यावसायिक काम घेऊ नये, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगेन. परीक्षेत हे फार विचारत नाहीत, ही परीक्षेची उणीव.

नियमांत कंपास नाही, पण अंतर आहे

व्यावसायिक उड्डाणाचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण घिरट्यांच्या या त्रासाला लागू पडणारा गाभा सगळीकडे सारखा: ड्रोन डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे, कामाशी संबंध नसलेल्या माणसांपासून लांब राहिला पाहिजे आणि उड्डाणाआधीची तपासणी ही चालकाची जबाबदारी. अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून लहान ड्रोनसाठीचा भाग १०७ हा नियम लागू आहे. उंचीची मर्यादा जमिनीपासून ४०० फूट, पण एखाद्या इमारतीच्या ४०० फूट परिघात असाल तर तिच्या माथ्यापासून आणखी ४०० फुटांपर्यंत जाता येतं. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून २०१९/९४७ हा नियम आहे. तिथे व्यवसाय की छंद असा भेद नाही, धोका किती त्यावर वर्गवारी, आणि कमी धोक्याच्या ‘खुल्या’ वर्गात १२० मीटरची मर्यादा. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम आले: परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक, आणि व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला प्रमाणित रिमोट पायलट.

युरोपच्या नियमात एक बारकावा आहे, तो आपल्या विषयाला थेट भिडतो. खुल्या वर्गातल्या ए-२ उपवर्गात (माणसांच्या जवळची उड्डाणं) सी-२ श्रेणीच्या (४ किलोखालच्या) ड्रोनला संबंध नसलेल्या माणसांपासून ३० मीटर अंतर ठेवावं लागतं. कमी वेगाचा मोड लावला, ज्यात वेग सेकंदाला ३ मीटरवर अडवला जातो, तर ते ५ मीटरपर्यंत आणता येतं. कागदावर ठीक. पण वेगावरचा तो लगाम त्याच सेन्सरांच्या हिशेबावर चालतो ज्यांचा हिशेब लोखंडाजवळ चुकतो. पाच-सहा मीटर व्यासाची घिरटी आणि पाच मीटरवर उभी असलेली माणसं, हे गणित मला मान्य नाही. सळई, पत्रा किंवा टॉवर आसपास असेल तर नियमात सूट असली तरी ती घेऊ नका. जितकी उंची तितकं आडवं अंतर, हा तिकडच्या मार्गदर्शनातला साधा मापदंड सगळीकडे वापरता येतो.

ड्रोन आपटला तर कळवण्याच्या मुदती असतात. भारतात अपघात सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन मंचावर ४८ तासांत कळवायचा असतो. अमेरिकेत गंभीर इजा किंवा कोणी बेशुद्ध पडणं, किंवा ड्रोन सोडून इतर मालमत्तेचं ५०० डॉलरहून जास्त नुकसान, यांपैकी काही झालं तर १० दिवसांत. विमा असेल तर तिथेही लगेच.

लॉग जपून ठेवा

अपघात होवो न होवो, घिरट्या झाल्या त्या उड्डाणाचा लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली नोंद, त्याच दिवशी उतरवून घ्या आणि ड्रोनवरची मूळ फाइल पुसू नका. लॉगमध्ये तीन गोष्टी एकाखाली एक लावून बघा: कंपासवरून काढलेली दिशा, जायरोवरून काढलेली दिशा, आणि चुंबकीय क्षेत्राची एकूण ताकद. उड्डाणाच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत, ड्रोन वळलेला नसताना, कंपासची दिशा उडी मारत असेल आणि ताकदही त्याच क्षणी बदलत असेल, तर दोष उड्डाणाच्या जागेचा. ताकद थ्रॉटलबरोबर वर-खाली होत असेल तर दोष तारांचा किंवा मोटरचा. उंचावर, सगळ्यापासून लांब, ताकद उगाच दोन आकड्यांच्या मधे हेलकावे खात असेल तर सेन्सर किंवा त्याची केबल. आर्डूपायलटच्या लॉगमध्ये हे सरळ दिसतं. ग्राहकी ड्रोनच्या लॉगसाठी ती फाइल वाचणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो.

दुरुस्तीला पाठवताना नुसतं ‘घिरट्या घालतो’ असं लिहिलं की ते मोकळ्या आवारात उडवून बघतात, ड्रोन नीट उडतो, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा लागून परत येतो. म्हणून सोबत लिहा: उड्डाण कशावरून केलं, पृष्ठभाग काय, मोकळ्या मातीवर तोच प्रकार झाला का, चार दिशांच्या तपासात बाण किती अंशांनी चुकला, शेवटचं कॅलिब्रेशन कुठे केलं. मातीवरही बाण चुकत असेल, नव्या कॅलिब्रेशननेही सुधारत नसेल आणि अंगावर नवीन काही बसवलेलं नसेल, तर मात्र सेन्सर बदलूनच मागा.